ड्रायव्हिंग क्लासची फी आणि शिकवणारा: पैसे भरण्यापूर्वी काय बघावे

परीक्षा संपल्या की गावोगावच्या नाक्यांवर फलक लागतात: '१५ दिवसांत कार शिका, लायसन्ससह'. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही तोच विषय सुरू होतो. मुलाला अठरा पूर्ण झाली, मुलीला कॉलेज लांब पडते, किंवा घरातली गाडी अंगणात उभी आणि चालवणारा कुवेतला. मग विचारणा होते, "सर, फी किती घेतात हो?" आम्ही शाळेत शिकवणारी माणसे, त्यामुळे आमच्या डोक्यात उलटा प्रश्न येतो: शिकवतात किती?

फीचा अंदाज सांगायचा तर तालुक्याच्या गावी कारच्या क्लासचे दर साधारण साडेतीन-चार हजारांपासून सुरू होतात. मुंबई, ठाणे, पुण्यात पाच-सहा हजारांपासून पुढे. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या नावाने चालणाऱ्या शाळा याहून जास्त घेतात. पण नुसत्या या आकड्यांवरून काही ठरवता येत नाही. एक उदाहरण घ्या. एक क्लास ३,५०० रुपये सांगतो, पंधरा दिवस. दुसरा ४,५०० सांगतो, वीस दिवस. घरात चर्चा होते आणि हजार रुपये वाचतात म्हणून पहिला ठरतो. पहिल्याकडे रोजची वेळ वीस मिनिटांची असेल तर पंधरा दिवसांचे झाले पाच तास, म्हणजे तासाला ७०० रुपये. दुसऱ्याकडे रोज अर्धा तास असेल तर वीस दिवसांचे दहा तास, म्हणजे तासाला ४५०. स्वस्त वाटला तो महाग निघाला, आणि शिकणे निम्मेच झाले.

हे दहा तास आम्ही मनाने धरलेले नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ३१व्या नियमात खासगी वापराच्या वाहनासाठी प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणे किमान दहा तासांचे असावे असे आहे. म्हणजे '१५ दिवसांत' हा फलकच नियमात बसत नाही. तरी तो लावला जातो आणि आपण त्याच्याखाली उभे राहून घासाघीस करतो.

काही ठिकाणी वेळेऐवजी किलोमीटर सांगतात, 'रोज पाच किलोमीटर'. मुंब्र्याच्या किंवा भेंडी बाजारच्या गर्दीत पाच किलोमीटरला अर्धा तास सहज जाईल. बायपासवर तेच पाच किलोमीटर सात-आठ मिनिटांत संपतात. नव्या माणसाला पहिले आठ दिवस अंतराशी काही देणेघेणे नसते. त्याला क्लच सोडणे, गाडी बंद पडणे, पुन्हा चालू करणे हेच करायचे असते. म्हणून किलोमीटरचा करार टाळावा, मिनिटांचा करावा.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या: गाडीत एका वेळी किती जण? सकाळी सहाच्या गाडीत तिघे बसतात. पहिला चालवत दुसऱ्याच्या घरापर्यंत, दुसरा तिसऱ्याच्या घरापर्यंत. मागे बसून दुसऱ्याच्या चुका बघण्याचाही फायदा असतो, नाही असे नाही. पण तो वेळ तुमच्या तासांत धरता येत नाही. सुट्टीचा दिवस, गाडी गॅरेजला गेलेला दिवस, पाहुणे आले म्हणून तुम्ही न गेलेला दिवस, यातले कोणते भरून मिळतात तेही आधीच ठरवा. रमजानमध्ये शिकणार असाल तर वेळ बदलून मिळेल का, की महिनाभर थांबवून ईदनंतर पुढे चालू करता येईल, हेही पैसे भरण्यापूर्वी बोलून घ्यावे. पैसे दोन हप्त्यांत द्यावेत, अर्धे सुरुवातीला आणि अर्धे दहा दिवसांनी. पावती घ्यावी. पावती मागितली की ज्याचा चेहरा बदलतो, त्याच्याविषयी तिथेच पुरेसे कळते.

'लायसन्ससह' म्हणजे नक्की काय

फीमधला सर्वात धूसर भाग हा. सात-आठ हजारांचे पॅकेज सांगतात आणि त्यात 'आरटीओचा सगळा खर्च' धरलेला असतो. तो सगळा खर्च सरकारी दरांनी किती होतो, ते बघू. शिकाऊ लायसन्सची फी एका प्रकारच्या वाहनाला १५० रुपये आणि चाचणीचे ५०. पक्क्या लायसन्ससाठी वाहन चालवण्याची परीक्षा एका प्रकाराला ३०० आणि लायसन्स देण्याचे २००. म्हणजे नुसत्या कारचे ७०० रुपये झाले. त्यावर कार्डाचे आणि टपालाचे पैसे लागतात. सगळे मिळून हजाराच्या आसपास. दुचाकीही सोबत घेतली तर दीड हजाराच्या आसपास. याच्या वर जे काही आहे ती मध्यस्थाची मेहनत. ती द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण 'सरकारी फी' या नावाखाली देऊ नका.

शिकाऊ लायसन्ससाठी तर आता कार्यालयात जाण्याचीही गरज नसते. आधार असेल तर २०२१पासून महाराष्ट्रात ही चाचणी घरबसल्या परिवहनच्या संकेतस्थळावर देता येते. पंधरा प्रश्न, त्यातले नऊ बरोबर यावे लागतात. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते, ते 'नमुना १-ए' या नावाने मिळते. या चाचणीबद्दल आमची एक तक्रार आहे. मध्यस्थ सांगतो, "ओटीपी द्या, बाकी आमच्यावर सोडा", आणि चाचणी तोच देऊन टाकतो. आपल्याला वाटते काम झाले. पण चौकातून आधी कोणी जायचे, पिवळी सलग रेघ म्हणजे काय, शाळेजवळचा फलक कसा असतो, हे ज्या एका वेळी नीट वाचायला लागले असते ती वेळ निघून गेलेली असते. आमच्या वर्गात एखाद्याने दुसऱ्याचा पेपर लिहिला तर आम्ही त्याला बाहेर काढतो. इथे तेच घरचे लोक पैसे देऊन करवून घेतात.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते. पक्क्या परीक्षेला तीस दिवसांनंतरच बसता येते. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर मात्र शेवटच्या परीक्षेनंतर साठ दिवस थांबावे लागते. हे मुदतीचे गणित लक्षात घेऊन क्लास लावा. शिकाऊ लायसन्स जानेवारीत काढायचे, क्लास जूनमध्ये लावायचा, आणि मग मुदत संपली म्हणून पुन्हा पैसे भरायचे, असे बरेच होते.

दोन वर्षांपूर्वी, जून २०२४च्या सुमारास, एक बातमी खूप फिरली की आता आरटीओत परीक्षा नाही, ड्रायव्हिंग स्कूलच लायसन्स देणार. अजूनही काही क्लासवाले तिचा आधार घेतात. केंद्रीय मंत्रालयाने तेव्हाच खुलासा केला होता की नियमांत असा काही बदल झालेला नाही. खरी गोष्ट अशी आहे: 'मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र' असा एक वेगळा दर्जा २०२१च्या नियमांनी आणला. त्यांच्याकडे स्वतःचा ट्रॅक, सिम्युलेटर वगैरे असावे लागते आणि हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा असतो, त्यात २१ तास प्रत्यक्ष आणि ८ तास वर्गातले. तिथून उत्तीर्ण झालेल्यालाच आरटीओच्या परीक्षेतून सूट आहे. आपल्या नाक्यावरचा क्लास जे 'नमुना ५'चे प्रमाणपत्र देतो, त्याने परीक्षा चुकत नाही. कोणी तसे सांगितले तर तो मान्यताप्राप्त केंद्राचा कागद मागा.

शाळेची पारख

ड्रायव्हिंग स्कूल चालवायला आरटीओचा परवाना लागतो. तो 'नमुना ११' मध्ये असतो आणि दुकानात दिसेल असा लावलेला असायला हवा. गाडीवर शाळेचे नाव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांक ठळक लिहिलेला हवा. गाडीत दुहेरी नियंत्रण हवे, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक. शिकवणारा किमान दहावी पास, पाच वर्षांचा चालवण्याचा अनुभव असलेला आणि मोटार मेकॅनिकचे सरकारी संस्थेचे प्रमाणपत्र असलेला हवा. शाळेने दोन नोंदवह्या ठेवायच्या असतात, एक शिकणाऱ्यांच्या नावांची आणि दुसरी कोण किती वेळ गाडी चालवून गेला याची. ही दुसरी वही मागून बघा. बऱ्याच ठिकाणी ती शेवटच्या दिवशी एकदम भरतात, सगळ्या सह्या एका शाईत.

नियमांत फळा, वाहतूक चिन्हांचे तक्ते, इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे नमुने, बाके, प्रथमोपचार पेटी, एवढेच काय पुस्तकेही सांगितली आहेत. वाचताना आम्हाला आमची प्राथमिक शाळाच आठवली. प्रत्यक्षात एक शटर, एक टेबल आणि भिंतीवर चिन्हांचा एक फिकट तक्ता. एवढ्यावरून शाळा वाईट ठरवू नये. एक शटरवाला चांगला शिकवतो आणि काचेच्या ऑफिसातला नुसती रसीद फाडतो, असेही असते. पण परवाना, दुहेरी नियंत्रण आणि तासांची वही या तीन गोष्टींवर तडजोड नको. ओळखीतला कोणी 'माझ्या गाडीवर शिकवतो, दोन हजार द्या' म्हणत असेल तर त्याच्या गाडीत दुसरा ब्रेक नसतो, आणि समोर अचानक मूल आले तर तो फक्त ओरडू शकतो.

उस्ताद कसा ओळखावा

गॅरेजमध्ये वाढलेल्या पिढीत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आणि शब्द योग्य आहे. उत्तम चालवणारा उत्तम शिकवेलच असे नसते. गणितात हुशार असलेले किती जण वर्गात हरतात ते आम्ही रोज बघतो.

पैसे भरण्यापूर्वी एक दिवस मागच्या सीटवर बसू देता का, असे विचारा. अर्ध्या तासात पुष्कळ दिसते. तो फोनवर बोलतो का? शिकणाऱ्याचा हात पकडून स्टिअरिंग फिरवतो का? चूक झाली की ओरडतो, की गाडी बाजूला घ्यायला लावून काय झाले ते सांगतो? आरसे आणि सीट लावून घेतल्याशिवाय चावी फिरवू देतो का? शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा: त्याचे पाय कुठे आहेत?

दुहेरी नियंत्रणाचा जसा फायदा आहे तसा एक तोटाही आहे. घाई असलेला मास्तर स्वतःच क्लच सांभाळतो. गाडी झटका न खाता निघते, बंद पडत नाही, शिकणाऱ्याला वाटते जमले. वीस दिवस तो फक्त स्टिअरिंग धरून बसलेला असतो. मग घरच्या गाडीत बसल्यावर पहिल्याच चौकात ती चार वेळा बंद पडते आणि मागचे हॉर्न वाजवायला लागतात. त्यातून जी भीती बसते ती वर्षभर जात नाही. आमच्या ओळखीच्या एका ताईंचे हेच झाले. नवरा आखातात, सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचे, रिक्षाचे जाऊन-येऊन चारशे रुपये. म्हणून त्यांनी पॅकेज घेतले. तीन आठवडे झाले, परीक्षा झाली, कार्ड टपालाने घरी आले. गाडी अजून अंगणात, आणि त्या अजून रिक्षाने जातात. लायसन्स आले, गाडी आली नाही. त्यांना आता फक्त हाफ क्लच, चढ आणि रिव्हर्स यासाठी पुन्हा पाच तास वेगळे लावायचे आहेत. म्हणून आमचा आग्रह असा की आठव्या-नवव्या दिवशी मास्तरांना स्पष्ट सांगावे, "आज तुमचे पाय मागे घ्या." चांगला मास्तर हसून घेतो. गाडी बंद पडू द्यावी. त्याच दिवशी शिकणे सुरू होते.

वीस दिवसांत काय काय झाले पाहिजे तेही आधीच विचारून घ्या. सपाट मैदानात गोल फिरवून आणि एकाच सरळ रस्त्यावर जा-ये करून क्लास संपतो तो परीक्षेपुरता असतो. किमान एकदा बाजाराच्या वेळी, एकदा अंधारात, एकदा पुलाच्या किंवा घाटाच्या चढावर थांबून हँडब्रेकने पुन्हा निघणे, एकदा हायवेवर लेन बदलणे, आणि दोन गाड्यांमध्ये रिव्हर्स लावणे. कोकणातल्यांनी घाट नक्की मागावा. फजरनंतरचा रस्ता मोकळा म्हणून सकाळची वेळ सगळ्यांना आवडते, आणि पहिला आठवडा ती उत्तमच. नंतर मात्र काही दिवस संध्याकाळचे मागून घ्या, कारण पुढे आयुष्यभर गाडी संध्याकाळच्या गर्दीतच चालवायची असते.

मुली आणि महिलांसाठी

बऱ्याच घरांत विषय फीवर अडत नाही. शिकवायला पुरुष, गाडीत एकटी मुलगी, इथे अडतो. ही काळजी समजण्यासारखी आहे आणि तिला उपायही आहेत. शहरांत महिला प्रशिक्षक मिळतात. थोडे जास्त पैसे किंवा थोडी वाट बघणे, एवढीच किंमत. त्या नसतील तर दोन-तीन मैत्रिणींनी किंवा नणंद-भावजयीने एकाच वेळी नाव घालावे, म्हणजे गाडीत दोघी राहतात. क्लासला सरळ सांगावे की घरचे माणूस मागे बसेल. नाही म्हणणाऱ्याकडे जाऊ नये. रस्ता आणि वेळ ठरलेली असावी, रोज मोबाइलवर लोकेशन घरी पाठवावे. विनाकारण हात लावणे, वैयक्तिक प्रश्न विचारणे, क्लास संपल्यावर मेसेज करणे, यातले काही झाले तर मुलीने ते घरी सांगावे आणि घरच्यांनी मास्तर बदलावा, मुलीचे शिकणे बंद करू नये. आमच्या अनुभवात बहुतेक मुली सांगत नाहीत त्याचे कारण हेच असते: सांगितले तर क्लासच बंद होईल.

बुरखा किंवा स्कार्फ घालून गाडी छान चालवता येते. फक्त ओढणी अशी पिन करावी की मान वळवली तरी बाजूचे दिसेल, आणि खालचा घेर पेडलमध्ये अडकणार नाही. लायसन्सच्या फोटोसाठी चेहरा स्पष्ट दिसावा लागतो. दुचाकीवर हेल्मेटची सूट कायद्याने फक्त पगडी घालणाऱ्या शीख बांधवांना आहे. स्कार्फवर हेल्मेट घालावेच लागते, तेव्हा विकत घेताना स्कार्फ बांधूनच मापाचे बघा.

घरीच शिकवायचे असेल तर

वडील, भाऊ किंवा नवरा शिकवू शकतात, त्याला बंदी नाही. मात्र शिकणाऱ्याकडे शिकाऊ लायसन्स हवे, शेजारी पक्के लायसन्स असलेला माणूस हवा, आणि पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. विम्यासाठीही या अटी लागतात. शिकाऊ लायसन्सवाला या नियमानुसार चालवत असेल तर पॉलिसी चालू राहते. पाटी नाही, शेजारी कोणी नाही, आणि अपघात झाला तर कंपनी दाव्यात अडचण काढू शकते. आमचा सल्ला: पहिले दहा तास क्लासमध्ये, नंतरचे वीस तास घरच्या गाडीवर. नवरा-बायकोने शिकवण्याच्या बाबतीत आम्ही काही बोलत नाही, ज्याचा त्याचा अनुभव आहे.

अठरा पूर्ण नसलेल्या मुलाच्या हाती चावी देणाऱ्या पालकांसाठी मात्र स्पष्ट लिहितो. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १९९-अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. ट्यूशनला जायला स्कूटी देताना हा हिशेब करा. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळते ते ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचे, आणि आज घरोघरी असलेल्या स्कूटी त्यात बसत नाहीत.

नोकरीसाठी शिकणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावे: सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू किंवा प्रवासी वाहनही चालवता येते. टेम्पो किंवा पिकअपच्या कामासाठी वेगळे अवजड लायसन्स काढून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर आधी गाडीचे वजन विचारा. रिक्षा-टॅक्सीचा बॅज हा वेगळा विषय आहे, तो काढावा लागतो.

आखातात जाणाऱ्यांसाठी थोडे. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. दुबईत भारतीय लायसन्स दाखवून नुसते बदलून मिळत नाही, तिथल्या शाळेत नाव घालून परीक्षा द्यावी लागते आणि तो खर्च इथल्या फीच्या कित्येक पट असतो. पण इथले लायसन्स काही वर्षांचे जुने असेल तर तिथले सक्तीचे तास कमी होतात. म्हणून जायच्या आदल्या महिन्यात धावपळ करण्यापेक्षा अठरा पूर्ण झाल्यावरच लायसन्स काढून ठेवलेले बरे. सौदीत २४ जून २०१८पासून महिलांनाही गाडी चालवता येते, तेव्हा कुटुंबासह जाणाऱ्या बहिणींनाही हे लागू आहे.

आणि अर्ज भरण्यापूर्वी नाव तपासा. आधारवर 'शेख'चे स्पेलिंग एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. कुठे 'मोहम्मद' पूर्ण, कुठे नुसते 'मोहं.', कुठे वडिलांचे नाव मध्ये, कुठे नाहीच. दाखले लिहिताना आम्ही रोज हा घोळ बघतो. घरबसल्या काढलेल्या शिकाऊ लायसन्सवर आधारवरचेच नाव उतरते, आणि तेच पुढे पक्क्यावर जाते. त्यामुळे आधी आधार पासपोर्टप्रमाणे करून घ्या, ती दुरुस्ती झाल्याची खात्री करा आणि मगच शिकाऊ लायसन्सची फी भरा.